जोसेफ चेंबरलेन : ऋण काढून उभारलेले शहर

ऋण काढून सण करू नये, ही शिकवण आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या दिली गेली आहे. कर्ज म्हटले की सावकार आठवतो, गहाण पडलेले शेत आठवते. त्यामुळे वडोदरा महानगरपालिकेने २०२२ मध्ये १०० कोटी रुपयांचे कर्जरोखे काढले आणि पुढच्याच वर्षी इंदूरने २४४ कोटींचे रोखे थेट सामान्य गुंतवणूकदारांपुढे ठेवले, तेव्हा या शहरांतल्या आपल्या वाचकांच्या मनात पहिली शंका आली असेल ती हीच : नगराने कर्ज काढावे का? इंदूरचे कारण तसे सरळ होते. नर्मदेचे पाणी जलूदहून माळव्याच्या पठारावर चढवायला अफाट वीज लागते. ती वीज स्वतःच्या सौरप्रकल्पातून मिळवावी आणि वाचलेल्या वीजबिलाच्या बळावर कर्जाचा भार पेलावा, असा तो हिशेब आहे.

हा हिशेब नवा नाही. दीडशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहराच्या नगरसभेत तो अतिशय आक्रमकपणे मांडला गेला. मांडणारे गृहस्थ अर्थशास्त्री नव्हते, अभियंताही नव्हते. ते लाकडात पिळायचे स्क्रू बनवणारे कारखानदार होते. जोसेफ चेंबरलेन हे त्यांचे नाव. आपल्याकडे ते आठवतात ते बोअर युद्धाच्या काळातील वसाहतमंत्री म्हणून, नाहीतर म्युनिक कराराच्या नेव्हिल चेंबरलेन यांचे वडील म्हणून. परंतु त्यांच्या दीर्घ राजकीय आयुष्यातील सर्वांत टिकाऊ काम झाले ते अवघ्या अडीच वर्षांत, एका शहराच्या महापौरपदावर असताना.

त्यांचा जन्म ८ जुलै १८३६ रोजी लंडनच्या कॅम्बरवेल भागात झाला. वडील पादत्राणांचे घाऊक व्यापारी. घराणे युनिटेरियन पंथाचे, म्हणजे इंग्लंडच्या राजमान्य चर्चबाहेरचे. त्यामुळे ऑक्सफर्ड-केंब्रिजचा दरवाजा व्यवहारात बंदच होता. सोळाव्या वर्षी शाळा सोडून जोसेफ वडिलांच्या धंद्यात शिरले. दोनच वर्षांनी नशिबाने वेगळे वळण घेतले. बर्मिंगहॅममध्ये स्क्रूचा कारखाना चालवणारे त्यांचे नातलग नेटलफोल्ड यांना टोकदार स्क्रू यंत्रावर बनवण्याचे अमेरिकी पेटंट विकत घ्यायचे होते आणि भांडवल कमी पडत होते. चेंबरलेन यांच्या वडिलांनी १०,००० पौंड घातले आणि त्या पैशावर नजर ठेवायला १८५४ मध्ये अठरा वर्षांच्या मुलाला बर्मिंगहॅमला धाडले.

मुलाने पैशावर नजर ठेवण्यापेक्षा बरेच अधिक केले. हिशेब, विक्री, परदेशी बाजारपेठ हे सारे त्यांनी हाती घेतले. फ्रान्समधील गिऱ्हाइकांना निळ्या कागदातील पुडक्यांची सवय आहे हे कळताच तिकडे जाणारा माल त्यांनी निळ्या कागदात बांधायला लावला. छोट्या कारखानदारांना कंपनीने एक तर विकत घेतले किंवा बाजूला सारले, आणि काही वर्षांत इंग्लंडमधील स्क्रूंचा बहुतांश व्यापार तिच्या हाती आला. एका वस्तूचा सारा बाजार एकाच हाती आला की त्यातून काय निघते, हे या माणसाने खातेवहीत पाहिले होते. पुढच्या कथेत ही गोष्ट महत्त्वाची आहे. १८७४ मध्ये कुटुंबाने धंद्यातील वाटा विकला आणि अडतीस वर्षांचे जोसेफ सुमारे १,२०,००० पौंडांचे धनी होऊन धंद्यातून मोकळे झाले.

ज्या शहराने त्यांना श्रीमंत केले त्याची अवस्था मात्र बिकट होती. १८७१ मध्ये बर्मिंगहॅमची लोकसंख्या साडेतीन लाखांच्या आसपास होती. नगरसभा १८३८ पासून होती, पण ती वर्षानुवर्षे अशा गटाच्या हाती राहिली होती ज्याचे एकच ब्रीद होते, घरपट्टी वाढू द्यायची नाही. हे नगरसेवक स्वतःला काटकसरवादी म्हणवत आणि त्यांची खरी सभा वुडमन नावाच्या मद्यालयात भरे. १८५७ मध्ये त्यांनी शहराच्या अनुभवी अभियंत्याला काढून टाकले आणि त्याच्या साहाय्यकाला कमी पगारावर नेमले. हिशेबाच्या वहीत बचत दिसली. रस्त्यावर चिखल, अंगणांत उघड्या मोऱ्या आणि मैल्याच्या खड्ड्यांशेजारी विहिरी असे चित्र होते. पाणी खाजगी कंपनीचे. नळ सुमारे निम्म्या वस्तीपर्यंतच पोहोचलेला आणि त्यालाही आठवड्यातून तीन दिवस पाणी. बाकीचे लोक विहिरीवर अवलंबून. देवी आणि तांबडा ताप यांच्या साथी ठरल्यासारख्या येत.

याच सुमारास काही धर्मोपदेशक प्रार्थनामंदिरांतून असे सांगू लागले होते की शहराची सेवा ही ईश्वरसेवाच आहे आणि सुशिक्षित, संपन्न माणसांनी नगरसभेकडे तुच्छतेने पाहणे हे पाप आहे. जॉर्ज डॉसन आणि आर. डब्ल्यू. डेल ही त्यांतील दोन प्रमुख नावे. चेंबरलेन या वातावरणात वाढले, रविवारच्या शाळेत मजुरांना शिकवू लागले, सक्तीच्या मोफत शिक्षणाच्या चळवळीत उतरले आणि १८६९ मध्ये नगरसेवक झाले. नोव्हेंबर १८७३ मध्ये ते महापौर झाले.

महापौर होताच त्यांनी हात घातला तो गॅसला. आज वीज जशी घरात आहे तसा तेव्हा कोळशापासून काढलेला गॅस दिव्यांत होता. बर्मिंगहॅममध्ये दोन गॅस कंपन्या होत्या. एकीने रस्ता खणून नळी टाकली की काही दिवसांनी दुसरी तोच रस्ता खणे. हे वाचताना आपल्याकडील वाचकाला वेगळे काही समजावून सांगण्याची गरज नाही. १८७४ च्या जानेवारीत चेंबरलेन यांनी प्रस्ताव ठेवला की दोन्ही कंपन्या नगरसभेने विकत घ्याव्यात. किंमत होती जवळजवळ २० लाख पौंड. शहराने एवढ्या रकमेचा विचारही आजवर केला नव्हता.

त्यांचा युक्तिवाद धंदेवाईक होता, आणि त्यातच त्याचे बळ होते. गॅस कंपन्यांना कायद्याने दहा टक्क्यांपर्यंत लाभांश वाटता येत असे. शहराला मात्र त्याहून निम्म्याच्याही आत व्याजाने पैसे मिळू शकत होते, कारण शहराच्या कर्जामागे साऱ्या नगराची घरपट्टी तारण म्हणून उभी असते आणि शहर बुडून परदेशी पळून जात नाही. मग भागधारकाला जाणाऱ्या आणि रोखेधारकाला द्याव्या लागणाऱ्या रकमेतला फरक शहराचाच. शिवाय बरीचशी किंमत रोख मोजायचीही नव्हती. कंपन्यांच्या भागधारकांना शहराने दरवर्षी ठरावीक वर्षासन द्यायचे, अशी सोय होती. भागधारक आजवर लाभांश घेत होते, आता शहराचे वर्षासन घेतील. त्यांची मिळकत सुरक्षित आणि मालकी शहराची. गॅसचा ग्राहक दुसरीकडे जाणार नव्हता, कारण दुसरे कोणी नव्हतेच. चेंबरलेन यांनी सभागृहाला असेही ऐकवले की हा व्यवहार आपल्याला वैयक्तिकरीत्या करू दिला तर आपण शहराला दरसाल भरघोस रक्कम देऊ आणि तरीही काही वर्षांत मोठी संपत्ती गाठीला बांधू. स्क्रूच्या बाजाराची मक्तेदारी केलेला माणूस हे बोलत होता, म्हणून ते सभागृहाला पटले. ठराव ५४ विरुद्ध २ मतांनी मंजूर झाला. १८७५ मध्ये संसदेचा कायदा झाला आणि पहिल्याच वर्षी ३४,००० पौंडांचा नफा हाती आला. काही वर्षांतच गॅसचे दरही उतरले.

आता पाण्याकडे येऊ. खरे तर एवढ्यासाठीच हा लेख लिहावासा वाटला.

गॅसवर नफा मिळवून दाखवणाऱ्या चेंबरलेन यांनी पाण्याच्या बाबतीत नेमकी उलट भूमिका घेतली. पाणीपुरवठा कंपनी शहराने १३,५०,००० पौंडांना विकत घेतली आणि १ जानेवारी १८७६ पासून ती शहराची झाली. कंपनीने आधी विरोध केला, संसदीय समितीपुढे साक्षी झाल्या, स्वतः महापौर साक्षीला उभे राहिले. समितीपुढे त्यांनी मांडलेला मुद्दा असा की पाणी हा आरोग्याचा प्रश्न आहे आणि त्यातून नफा काढण्याची शहराची इच्छा नाही. पुरवठा वाढवायचा, दर उतरवायचे आणि व्याज व परतफेड सुटेल एवढेच पाहायचे. घरात दिवा एक तास कमी जाळला तर कोणाचे प्राण जात नाहीत. पण पाणी महाग आहे म्हणून गरिबाने शेजारच्या दूषित विहिरीचे पाणी प्यायले, तर साथ त्याच्या गल्लीत थांबत नाही. म्हणून दोन्ही मालमत्ता कर्जावरच घ्यायच्या, दोन्ही शहराच्याच, पण एकीने कमवायचे आणि दुसरीने कमवायचे नाही. पुढील काळात नगरसभेने हजारो दूषित विहिरी बंद केल्या. नळाचे पाणी हाती नसते तर हे करताच आले नसते. विहीर बुजवणाऱ्याला आधी दुसरे पाणी द्यावे लागते.

टीकाकार नव्हते असे नाही. शहराच्या डोक्यावरचे कर्ज कित्येक पटींनी वाढले होते आणि घरपट्टी भरणारा छोटा दुकानदार तो आकडा ऐकून हादरत होता. चेंबरलेन यांचे उत्तर असे की कर्जाचा आकडा एकटा वाचू नये, त्यासमोर मालमत्तेचा आकडा मांडावा. घर बांधायला घेतलेले कर्ज आणि जेवणावळी घालायला घेतलेले कर्ज यांत भेद आहे, एवढेच ते सांगत होते. त्याखेरीज ब्रिटिश व्यवस्थेत एक लगाम होता : शहराला मनाला येईल तेव्हा कर्ज काढता येत नसे. संसदेची अथवा सरकारी मंडळाची मंजुरी लागे, फेडीची मुदत ठरवून दिली जाई आणि दरसाल काही रक्कम परतफेड निधीत बाजूला टाकावी लागे. म्हणजे आज नळ टाकणारी पिढी सारा भार उचलत नाही आणि उद्या पाणी पिणारी पिढी फुकट पीत नाही. हा लगाम काढून घेतला, तर चेंबरलेन यांचे सारे गणित कोसळते. त्यांच्या चाहत्यांनी ही बाजू बहुधा कमी सांगितली आहे.

या गडबडीतच त्यांच्या घरावर आघात झाला. पहिली पत्नी हॅरिएट १८६३ मध्ये मुलाच्या जन्मानंतर गेली होती. तो मुलगा म्हणजे पुढे परराष्ट्रमंत्री झालेले ऑस्टिन. तिचीच चुलतबहीण फ्लॉरेन्स ही दुसरी पत्नी, नेव्हिल यांची आई. फेब्रुवारी १८७५ मध्ये तीही बाळंतपणातच गेली. संसदेत गॅस आणि पाण्याचे प्रस्ताव चालू होते त्याच महिन्यांतली ही गोष्ट. सहा मुलांच्या या बापाने स्वतःला कामात गाडून घेतले. त्यांच्या चेहऱ्यावरची एकभिंगी काचेमागची थंड, कोरीव मुद्रा व्यंगचित्रकारांना फार आवडे. ती मुद्रा याच वर्षांनंतर अधिक कठोर झाली, असे पुष्कळ चरित्रकारांना वाटते.

तिसरी योजना सर्वांत मोठी आणि सर्वांत वादग्रस्त. १८७५ मध्ये डिझरेली सरकारने गलिच्छ वस्त्या काढून टाकण्याचे अधिकार शहरांना देणारा कायदा केला. चेंबरलेन यांनी त्याचा लाभ उठवत शहराच्या मध्यभागीची कोंदट वस्ती पाडून तेथे रुंद रस्ता काढण्याची योजना आखली. जमिनी हातच्या जाऊ नयेत म्हणून आगाऊ खरेदीसाठी त्यांनी स्वतःचे १०,००० पौंड घातले. हाच पुढे कॉर्पोरेशन स्ट्रीट झाला. रस्त्याकडेच्या जमिनी विकायच्या नाहीत, ७५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने द्यायच्या. मुदत संपली की जमीन आणि तिच्यावरच्या इमारती शहराकडे परत याव्यात. आपल्या नातवंडांच्या काळातील नगरसभा श्रीमंत करण्याचा हा बेत होता. पहिली बरीच वर्षे मात्र मंदीमुळे गाळे उठले नाहीत आणि योजनेचा तोटा घरपट्टीतून भरून काढावा लागला.

आणि त्या वस्तीत राहणारे लोक? शेकडो घरे पाडली गेली. कायद्याच्या नावातच कारागीर व मजुरांची घरे होती, परंतु मजुरांसाठी नगरसभेने स्वतः बांधलेली पहिली २२ घरे उभी राहिली ती १८९० च्या सुमारास. मधल्या काळात विस्थापितांनी शेजारच्या तशाच कोंदट गल्ल्यांत खोल्या धरल्या आणि मागणी वाढल्याने तिथली भाडी चढली. त्या भागातला मृत्युदर हजारी ५३ वरून २१ वर आला, असे अभिमानाने सांगितले जाई. पण जिथे गरीब राहत होते तिथे दुकाने आली, तर मृत्युदर उतरणारच. कर्ज साऱ्या शहराच्या नावावर निघाले आणि रुंद रस्त्याचा पहिला लाभ दुकानदारांना झाला. गॅस आणि पाण्याच्या बाबतीत चेंबरलेन यांना जे दिसले, ते घरांच्या बाबतीत दिसले नाही, किंवा दिसूनही त्यांनी ते नंतरवर टाकले. कारण जून १८७६ मध्ये ते बिनविरोध खासदार झाले आणि महापौरपद सोडून लंडनला गेले. जाताना त्यांनी एका मित्राला पत्रातून बागा, फरसबंदी, बाजार, गॅस, पाणी असा आपल्या कामाचा हिशेब कळवला. त्यांतील काही कामे कागदावरच होती.

गॅसच्या नफ्याचे पुढे काय झाले याची एक गमतीची साक्ष आजही उभी आहे. ग्रंथालये आणि संग्रहालये यांवर शहराने किती कर लावावा याला कायद्याची मर्यादा होती, त्यामुळे कलादालनासाठी पैसा नव्हता. मग गॅस समितीने आपले कार्यालय बांधताना वरच्या मजल्यांवर कलादालनाची सोय केली. १८८५ मध्ये ते खुले झाले. खाली गॅसची बिले भरायची आणि वर चित्रे पाहायची.

संसदेतही हा विषय सुटला नाही. १८८० मध्ये ग्लॅडस्टन यांच्या मंत्रिमंडळात व्यापारमंत्री झाल्यावर चेंबरलेन यांनी १८८२ चा वीजदिव्यांचा कायदा आणला. खाजगी कंपनीने वीज आणावी, परंतु २१ वर्षांनंतर ती सक्तीने विकत घेण्याचा अधिकार नगरसभेला राहावा, ही त्यातील मुख्य तरतूद. इथे त्यांचा अंदाज चुकला. २१ वर्षांत हातून जाणाऱ्या धंद्यात भांडवल घालायला फारसे कोणी पुढे येईना आणि १८८८ मध्ये ती मुदत ४२ वर्षे करावी लागली. चालता धंदा विकत घेणे आणि न जन्मलेल्या धंद्यावर आधीच हक्क सांगणे या निराळ्या गोष्टी होत्या.

पुढचे आयुष्य इतिहासाच्या पुस्तकांत आहेच. आयर्लंडच्या स्वराज्याच्या प्रश्नावर १८८६ मध्ये त्यांनी ग्लॅडस्टन यांची साथ सोडली, १८९५ मध्ये ते वसाहतमंत्री झाले आणि बर्मिंगहॅमच्या गल्ल्यांना लावलेला हिशेब साम्राज्याला लावू लागले. वसाहती ही न कसलेली जमीन आहे, तीत रेल्वे-बंदरांसाठी कर्जाचे भांडवल घालावे, असे त्यांचे मत होते. फरक एवढाच की बर्मिंगहॅममध्ये कर्ज फेडणाऱ्यांपैकी अनेकांना मत होते. वसाहतींतल्या बहुसंख्य लोकांना ते नव्हते. बोअर युद्धानंतर १९०२ च्या अखेरीस ते दक्षिण आफ्रिकेत गेले तेव्हा तिथल्या हिंदी लोकांचे गाऱ्हाणे घेऊन भेटलेल्या शिष्टमंडळात मोहनदास गांधी नावाचे बॅरिस्टर होते. गोऱ्या वसाहतवाल्यांशी तुम्हीच जुळवून घ्या, अशा आशयाचे थंड उत्तर त्यांना मिळाले.

जुलै १९०६ मध्ये बर्मिंगहॅमने त्यांचा सत्तरावा वाढदिवस थाटाने साजरा केला आणि त्यानंतर काही दिवसांतच पक्षाघाताने त्यांची वाणी हिरावली. अखेरची आठ वर्षे तशीच गेली. २ जुलै १९१४ रोजी त्यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफनाचा मान देऊ केला गेला होता. कुटुंबाने तो नाकारला आणि त्यांना बर्मिंगहॅमच्याच की हिल दफनभूमीत पुरले. दोनच वर्षांनी महापौरपदी असलेल्या नेव्हिल यांनी शहराची स्वतःची बँक काढली. कारखान्यातल्या कामगारांनी आपली बचत तीत ठेवावी, असा तिचा उद्देश होता. युद्धानंतर ती कायमची झाली आणि तिच्या ठेवींतून नगरसभेला कर्ज मिळू लागले. रोखे घेणारा सावकार आता पगारातून पैसे बाजूला टाकणारा शेजारीही झाला होता.

शहराची गॅस मालकी १९४९ मध्ये राष्ट्रीयीकरणात गेली. पाणी आणण्यासाठी नगरसभेने पुढे वेल्समधील एलान खोऱ्यात धरणे बांधली होती. १९०४ पासून ते पाणी ७३ मैलांचा प्रवास पंपाविना, केवळ उताराने करत बर्मिंगहॅमला येते. १९७४ मध्ये हा पुरवठा प्रादेशिक मंडळाकडे गेला आणि १९८९ मध्ये त्या मंडळाची खाजगी कंपनी झाली. पाणी आजही त्याच उताराने येते. बिल मात्र पुन्हा एकदा अशा कंपनीकडून येते, जिचे भाग लंडनच्या शेअर बाजारात विकले जातात.